गुरुवारचं ऊन

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. ही सुट्टी ना देवाने दिली, ना मालकाने. ती विजेने दिली. सगळीकडची यंत्रं एकाच दिवशी बंद आणि बाकी दिवस एकदम चालू, असं होऊ नये म्हणून वीज मंडळाने वार वाटून दिले आणि आपल्या वाट्याला गुरुवार आला. गावी जाणं, दवाखाना, पोराच्या शाळेत चक्कर, सगळं त्या एका वारावर. ज्या शहराचा आठवडाच विजेच्या तुटवड्याने आखला, त्याने सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेचा हिशेब तरी नीट मागितला पाहिजे.

एक हिशेब जुना आहे. 2006 साली राज्यभर भारनियमन चालू असताना पुणे परिसराला त्यातून सूट मिळाली. ती कशी? इथल्या कंपन्यांनी भर मागणीच्या तासांना आपापले डिझेल जनरेटर चालवले, तेवढी वीज शहराला मोकळी झाली आणि त्या महागड्या डिझेलचा भुर्दंड रिलायबिलिटी चार्ज म्हणून ग्राहकांच्या बिलात आला. सोलर महाग म्हणणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत. धूरही आपण घेतला आणि पैसेही आपणच दिले.

आता चिखलीला या. टाटा मोटर्सच्या कार कारखान्यात 2021 मध्ये गाड्यांच्या पार्किंगवर सोलरचं छत उभं राहिलं. 6.2 मेगावॅट, वर्षाला सुमारे 86 लाख युनिट. खाली गाड्या सावलीत, वर वीज. जमीन नवी लागली नाही, झाड तोडावं लागलं नाही. हे काम चांगलं आहे आणि ते चांगलंच म्हणायला हवं.

पण चिखलीहून भोसरीच्या गाळ्यांत शिरा. दोन लेथ, एक व्हीएमसी, सात-आठ माणसं. लाइट क्षणभर गेली की टूल तुटतं, जॉब रिजेक्ट. विजेचं बिल भाड्याच्या खालोखाल. या माणसाला सोलर नको आहे का? हवं आहे. पण छप्पर त्याचं नाही. असलं तरी सिमेंटचा जुना पत्रा, वजन पेलायचा नाही. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. पॅनेल चालतं पंचवीस वर्षं, गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा. कोणती बँक या कागदावर कर्ज देईल?

मोठ्या कंपनीकडे दुसरीही वाट आहे. छप्पर अपुरं पडलं तर लांबच्या जिल्ह्यातल्या सोलर किंवा पवन प्रकल्पाशी थेट करार करायचा आणि तारेवरून वीज आणायची. केंद्राने 2022 च्या नियमांत या ओपन ॲक्सेसची मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली. मोठी सवलत म्हणून तिचं स्वागत झालं. 100 किलोवॅट मंजूर भार भोसरीतल्या किती गाळ्यांचा असतो, हे कोणी मोजलं होतं का? दार उघडलं, पण उंबरठा छातीएवढा ठेवला. मोठे ग्राहक अधिभार भरूनही महावितरणमधून बाहेर पडतात, कारण त्यांना ते परवडतं. खांब, तारा, रोहित्रं यांचा खर्च मग मागे राहिलेल्यांत वाटला जातो. मागे राहतो तो गाळेवाला.

स्वस्त ऊन संध्याकाळी संपतं, हा खर्चही खरा आहे. सहा वाजता पॅनेल शून्यावर येतं, आणि सेकंड शिफ्ट तेव्हा कुठे रंगात आलेली असते. त्या तासांची वीज कोळशातून, पाण्यातून किंवा बॅटरीतून आणावी लागते, आणि तिचे पैसे पडतात. सोलर विकणारा हे सांगत नाही, त्याने सांगितलं पाहिजे. हेही सांगितलं पाहिजे की महावितरणची लाइन गेली की छतावरचं नेहमीचं सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, आणि ते योग्यच आहे. पण गुरुवारी देखभालीसाठी लाइट घालवतात, वर रणरणतं ऊन असतं आणि खाली गाळा अंधारात. बॅटरी नसेल तर ते ऊन वाया जातं.

मला सगळ्यात मोठी आशा वाटते ती वेगळ्याच ठिकाणी. वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा विजेला सूट होती. म्हणून फर्नेस रात्री पेटायची, फोर्जिंगचे हातोडे रात्री पडायचे, आणि माणसं दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपायचा प्रयत्न करायची. 2025 च्या दररचनेने ही सूट दिवसा आणली, नऊ ते पाच, कारण आता स्वस्त वीज दुपारी असते. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यांना हा फटका आहे, त्यांची तक्रार खोटी नाही. पण ज्याला भट्टी दिवसा लावता येते, त्याच्याकडच्या माणसाला रात्रीची झोप परत मिळू शकते. कोणत्याही वेतन कराराने हे दिलं नव्हतं.

वाऱ्याचा हिशेब आपल्या डोंगरांत आहे. आकुर्डीच्या बजाज समूहाने 138 पवनचक्क्या, 65.2 मेगावॅट, फार आधी उभारल्या, त्यातल्या काही वनकुसवड्याच्या पठारावर. तेव्हा पवनचक्कीचा पूर्ण घसारा पहिल्याच वर्षी मिळायचा, म्हणून अनेकांनी वाऱ्याआधी कर मोजला. तरी वारा कामाचा आहे: आषाढ-श्रावणात सोलर मान टाकतं तेव्हा सह्याद्रीवर वारा रात्रंदिवस घोंगावतो. दोघांची जोडी जमते. मात्र चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच खेडच्या आणि शेजारच्या मावळच्या डोंगरांत भीमाशंकर अभयारण्यालगत पवनचक्क्यांसाठी सुमारे 194 हेक्टर वनजमीन गेली. उभ्या चढांवर रस्ते कापले, राडारोडा उतारावरून खाली सोडला. माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात त्यावर बोट ठेवलं. वीज स्वच्छ होती, रस्ता कापायची पद्धत स्वच्छ नव्हती. चाकणला वीज हवी म्हणून वरच्या वाडीच्या शेतात दगडगोटे यावेत, हा सौदा मला मान्य नाही.

आणि जागेसाठी डोंगर कशाला? बस डेपोंची छपरं, मैला शुद्धीकरण केंद्रं, एमआयडीसीतली पार्किंगं रिकामी तापत आहेत. तिथे सामाईक प्रकल्प लावा आणि त्यातली युनिटं पन्नास गाळ्यांच्या बिलांतून वजा करा. एका प्रकल्पाची वीज अनेक बिलांत वाटण्याची पद्धत दिल्लीने 2019 मध्येच स्वीकारली. भोसरीतल्या, चाकणच्या लहान शेडना हेच हवं आहे: छप्पर नसलेल्यालाही उन्हाचा वाटा.

आत्ता काय होतं ते बघा. गुरुवारी मोठी शेड बंद असते, पण लाइन चालू असली तर तिच्या छतावरचं सोलर चालूच असतं. ती वीज तारेत जाते आणि सगळ्यात जवळ जिथे यंत्र फिरत असेल तिथे पोहोचते. म्हणजे रस्त्यापलीकडच्या गाळ्यात, ऑर्डर पुरी करायची म्हणून सुट्टीतही चालू असलेल्या लेथवर. त्या लेथला वीज शेजारच्या छताची मिळते आणि बिल पूर्ण दराने येतं.