पुढच्या सीझनचा रायडर

पहिल्या ट्रॅक डेसाठी आपण तयार झालो आहोत की नाही, हा प्रश्न जो वर्षानुवर्षे सोडवत असतो आणि सुटत आला की खोडून पुन्हा मांडतो, तो पुढच्या सीझनचा रायडर. ही जात पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यात मुबलक आढळते. वय पंचविशी ते चाळिशी, नोकरी बरी, हप्ते दोन: एक फ्लॅटचा, एक बाइकचा, जिव्हाळा दुसऱ्याचा. घरातल्या कुठल्याही कामासाठी आठच्या आत न उठणारा हा गृहस्थ रविवारी पहाटे पाचला आपण होऊन उठतो आणि शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून गाडी ढकलत सोसायटीच्या गेटबाहेर नेतो. तिथे तिला किक स्टार्ट नसल्याने बटण दाबतो. आफ्टरमार्केट सायलेन्सरमुळे शेजारी जे उठायचे ते उठतातच.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरून, बंद ट्रॅकवर, आपापल्या कुवतीच्या गटात, पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांमध्ये स्वतःची गाडी चालवण्याचा तो दिवस. पहिला-दुसरा नंबर नाही, ढाल नाही, हार नाही. समोरून उसाची ट्रॉली येत नाही, वळणावर वाळू सांडलेली नसते, रिक्षा यू-टर्न घेत नाही, आणि पडलेच तर मार्शल व ॲम्ब्युलन्स हजर असतात. वेगाने गाडी चालवण्यासाठी याहून सुरक्षित जागा या देशात नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. घाटात मागे पडले तर ट्रक आडवा आला होता, रस्ता ओला होता, मागे बायको बसली होती. ट्रॅकवर यातले काहीच नसते. पुढच्या सीझनच्या रायडरला पडण्याची भीती वाटते तेवढीच कळण्याचीही वाटते.

तयारीतला पहिला आणि सर्वांत प्रतिष्ठित अडथळा भूगोलाचा. मोठ्या बाइकना पुरतील असे जुने, नावाजलेले ट्रॅक तामिळनाडू आणि उत्तर प्रदेशात आहेत. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला १९९० साली सुरू झालेला, सुमारे ३.७ किलोमीटरचा आणि बारा वळणांचा ट्रॅक, कोइंबतूरला एस. करिवर्धन यांच्या नावाचा, सुमारे २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाला २०११ मध्ये फॉर्म्युला वनसाठी उघडलेला, पाच किलोमीटरहून लांब बुद्ध सर्किट, जिथे २०२३ च्या सप्टेंबरात मोटोजीपीही होऊन गेली. ही सगळी माहिती त्याला तोंडपाठ असते. इरुंगाट्टुकोट्टईच्या बाराही वळणांत कुठल्या गिअरमध्ये शिरायचे हे तो कार्यालयाच्या कँटीनमध्ये कांदेपोहे खाताना सांगू शकतो. पुण्याहून तिथे जायचे म्हणजे हजार-अकराशे किलोमीटरच्या वर. गाडी चालवत न्यावी तर टायर मधोमध सपाट होऊन पोचतात. रेल्वे पार्सलने पाठवावी तर टाकीतले पेट्रोल काढून तिला गोणपाटात गुंडाळतात. साडेतीन लाखांची इटालियन लाल रंगाची गाडी गोणपाटात शिवलेली पाहणे ज्याला सोसत नाही, तो बेत एक सीझन पुढे ढकलतो.

दुसरा टप्पा खरेदीचा. इथे या जातीची खरी प्रतिभा दिसते. ट्रॅकवर फुल फेस हेल्मेट, चामड्याचा अखंड सूट किंवा कमरेला चेनने जोडले जाणारे जाकीट-पँट, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पाठीला प्रोटेक्टर लागतो. हे सगळे आवश्यक आहे, आणि त्यात काटकसर करणारा मूर्ख होय. पण पुढच्या सीझनचा रायडर यादी संपू देत नाही. हेल्मेट आले की त्यावर आयएसआयचा शिक्का आहे पण ईसीईचा नाही हे लक्षात येते. ईसीईचे आले की ते जुन्या २२.०५ चे आहे, नवे २२.०६ चे नाही, असे एक मित्र सांगतो. सूट येतो तेव्हा वजन नव्वदच्या घरात असते, म्हणून आधी पोट कमी करायचे ठरते; पोट कमी होईपर्यंत सूट कपाटात बायकोच्या पैठणीशेजारी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात टांगलेला राहतो. दिवाळीच्या साफसफाईत आई तो बाहेर काढून उन्हात टाकते. गुडघ्यांवरचे नी स्लायडर प्लास्टिकच्या वेष्टनासकट कोरे असतात. त्यांना ट्रॅकचे डांबर अजून ठाऊक नसले तरी पार्किंगमध्ये फोटो काढताना एकाला ओरखडा पडलेला असतो, आणि तो ओरखडा पुढे कोण पाहतो यावर त्याची हकिगत ठरते.

तिसरा टप्पा घाटाचा. ताम्हिणी, वरंधा किंवा लवासाचा रस्ता यांपैकी एकाची पदवी घेतल्याशिवाय ट्रॅकला जाणे त्याला अयोग्य वाटते. गुणपत्रिका म्हणून टायर दाखवला जातो. मिसळीच्या हॉटेलाबाहेर गाड्या लागल्या की सगळे एकमेकांच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसतात आणि कडेला न झिजलेला, रबराचे बारीक केस अजून शाबूत असलेला पट्टा बोटाने मोजतात. या पट्ट्यांना चिकन स्ट्रिप्स म्हणतात. शाकाहारी सदस्यांचीही त्यास हरकत नसते. पट्टा जितका अरुंद तितका स्वार धाडसी, असा समज आहे. तो अर्धाच खरा. गाडी किती झुकली एवढेच त्यावरून कळते. गरजेपेक्षा जास्त झुकली का, हे कळत नाही. अंग आतल्या बाजूला न नेता ताठ बसणाऱ्याची गाडी त्याच वळणात, त्याच वेगाला जास्त झुकते. म्हणजे वाईट बसणारा टायर काठापर्यंत घासून आणतो आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवतो.

घाटात जलद असणे ही ट्रॅकची तयारी नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर तशी गाडी हाकणे मुळात गुन्हा आहे, आणि वर ते चुकीचे शिकवते. घाटात नजर चाकापुढच्या खड्ड्यावर असते. ट्रॅकवर ती वळणाच्या शेवटाकडे लागते. घाटात ब्रेक घाबरून आणि वळणातच दाबले जातात. ट्रॅकवर बहुतेक काम गाडी सरळ असतानाच उरकावे लागते. ताशी १०० वरून १४० ला गेले की थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, हे गणित शाळेच्या पुस्तकातले आहे. पण ते हाताच्या दोन बोटांना समजायला वेळ लागतो.

घरचा टप्पा थोडक्यात सांगण्यासारखा. आईला चेन्नईत ट्रेनिंग आहे असे सांगितले जाते, आणि ते खोटेही नसते. बायकोला खरे सांगितले जाते. ती एकच प्रश्न विचारते: विमा आहे का? इथे संशोधन थांबते, कारण गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीतून शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, आणि ट्रॅकवर मोडलेली गाडी मालकाच्या खिशातूनच दुरुस्त होते असे धरून चालावे लागते. हा खर्च जो आधीच मनातल्या मनात सोडून देऊ शकतो, त्याची निम्मी तयारी झाली. साडेतीन लाखांच्या गाडीचा इंडिकेटर फुटला तरी ज्याचा आठवडा वाईट जातो, त्याने मित्राची जुनी १५० किंवा २०० सीसी गाडी मागून न्यावी. लहान गाडी चूक लवकर सांगते आणि स्वस्तात सांगते.

बाकीची निम्मी तयारी इतकी साधी आहे की या जातीला ती अपमानास्पद वाटते. क्लच, गिअर आणि ब्रेक यांकडे लक्ष न देता ते आपोआप होत असावेत. पुढचा ब्रेक न घाबरता, पण हळूहळू वाढवत दाबता यावा. मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये इंग्रजी आठ काढताना पाय टेकू नये. गाडीतून तेल किंवा कूलंट गळत नसावे, ब्रेक पॅडला जाडी असावी, चेन सैल नसावी आणि टायरला नक्षी शिल्लक असावी. आणि सर्वांत अवघड म्हणजे, कोणी पुढे गेले तर जाऊ देता यावे. यातल्या शेवटच्या अटीवर पुण्यातले पुष्कळ उमेदवार नापास होतात. किती सीसी, किती हॉर्सपॉवर, किती वर्षांचा अनुभव, वळणात गुडघा टेकतो की नाही, यांपैकी काहीही कुठलाही जाणता प्रशिक्षक विचारत नाही. कीथ कोड यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे चेन्नईलाही येऊ लागलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलमध्येही पहिली इयत्ता थ्रॉटलपासून सुरू होते. गुडघा नंतर, झाला तर.

कधीतरी, बहुधा एखाद्या धाकट्या सहकाऱ्याने परस्पर जाऊन आल्याचे कळल्यावर, पुढच्या सीझनचा रायडर याच सीझनला पोचतो. सकाळी सहाला पॅडॉकमध्ये तो आरसे काढतो आणि हेडलाइटवर चिकटपट्ट्या लावतो, म्हणजे काच फुटली तर ट्रॅकवर पसरू नये. पट्ट्यांनी ब्रँडचे नाव झाकले जाते याचे त्याला मनापासून वाईट वाटते. मग जबाबदारीचा फॉर्म: तो न वाचता सही करतो, रक्तगट आठवायला फोन करतो आणि तातडीच्या संपर्कासाठी घरचा नंबर न देता मित्राचा, जोशांच्या मन्याचा देतो. गाडी तपासणारा माणूस चेनला बोट लावून मान हलवतो. हजारो रुपयांचा स्टीअरिंग डॅम्पर बसवलेल्या गाडीची चेन सैल निघते.

ब्रीफिंगमध्ये झेंडे शिकवतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबले, हळू होऊन पिटमध्ये या. काळा म्हणजे तुम्हालाच बोलावले आहे. चौकटींचा म्हणजे वेळ संपली. नोंदणी करताना त्याने स्वतःला मधल्या गटात घातलेले असते. ब्रीफिंगनंतर तो कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने टेबलाशी जाऊन नवख्यांच्या गटात नाव बदलून घेतो. त्या दिवसातला त्याचा सर्वांत समजूतदार निर्णय हाच.

पहिल्या सत्रात सगळे नवखे प्रशिक्षकामागे बालवाडीच्या सहलीसारखे रांगेत फिरतात. दुसऱ्या सत्रात रांग सुटते. तिसऱ्या फेरीला एक किरकोळ अंगाचा, उसन्या सुटाच्या बाह्या दुमडलेला कॉलेजचा पोरगा जुन्या यामाहा आर-फिफ्टीनवरून वळणाच्या बाहेरच्या बाजूने, अंतर राखून, अगदी शिस्तीत त्याला मागे टाकून जातो. आपल्या रायडरच्या हाताखाली दुप्पट ताकदीचे इंजिन असते. सरळ रस्त्यावर तो पोराला गाठतो. पुढच्या वळणात पोरगा पुन्हा दिसेनासा होतो. असे दुपारपर्यंत चालते. चेन्नईचे ऊन, चामड्याचा सूट आणि दर सत्रानंतर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या यांत पोटाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. दुपारच्या सत्रांत तो पकड सैल सोडायला, मान वळवायला आणि ब्रेक थोडा आधी, पण नीट दाबायला शिकतो. चार वाजेपर्यंत त्याचे हात थरथरत असतात आणि अंतर्यामी एक विलक्षण शांतता असते, कारण कोणालाही काही पटवून द्यायचे राहिलेले नसते.

परतल्यावर तो घाटात हळू चालवू लागतो. पुढच्या रविवारी ताम्हिणीत ग्रुपच्या मागे मिनिटभर अंतर ठेवून, आरसे जागेवर लावून, गावातून जाताना तिसऱ्या गिअरमध्ये तो येतो. मिसळीच्या टेबलावर ट्रॅक कसा होता याची चौकशी होते. तो चेनचा ताण कसा मोजावा हे सांगू लागतो. मंडळी एकमेकांकडे पाहतात. तिथे आपटला असणार, असे सर्वानुमते ठरते, आणि अशा धोकादायक ठिकाणी पुरेशा तयारीशिवाय जाऊ नये म्हणून उरलेले सगळे पुढच्या सीझनचा बेत आखतात.