अनुभवाचे श्रेयांक कोण देणार?

चाळिशीतली बाई पदवीच्या प्रवेशासाठी खिडकीशी गेली की पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, मध्ये एवढी वर्षं काय करत होतात?" उत्तर लिहायला अर्जात रकाना नसतो. मग नोटरीकडे जायचं आणि प्रतिज्ञापत्र करायचं की, अमुक सालापासून तमुक सालापर्यंत मी कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नाही. सही, शिक्का, झालं. त्या वर्षांत तिने बचत गटाचे हिशेब ठेवले, सासऱ्यांचं आजारपण काढलं, ग्रामपंचायतीत एक मुदत सदस्य म्हणून काम केलं. विद्यापीठाच्या लेखी यातलं काहीच घडलेलं नाही.

हा अन्याय आहे, आणि तो दूर करण्याची वेळ कधीच येऊन गेली आहे.

गेली काही वर्षं आपल्याकडे आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा घोष चालू आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधल्या भिंती पाडा म्हणून सांगितलं. मेजर आलं, मायनर आलं, ओपन इलेक्टिव्ह आलं, विषयांच्या बास्केट आल्या. उत्तम झालं. पण हे सगळं आखलं गेलं ते अठरा वर्षांच्या मुलासाठी. विषयांची सांगड घालण्याची खरी गरज ज्याला आहे, तो प्रौढ विद्यार्थी त्या आखणीत कुठेच नाही.

अठराव्या वर्षी मुलगा विषय निवडतो. चाळिसाव्या वर्षी माणूस प्रश्न घेऊन येतो, आणि प्रश्न कधी एका विषयात मावत नाही.

अंगणवाडी सेविकेचंच काम बघा. ती मुलाच्या दंडाला पट्टी लावते. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला, तर ते मूल तीव्र कुपोषित, हे तिला पाठ असतं. वजन घ्यायचं, उंची मोजायची, नोंद मोबाइलमध्ये भरायची. मग आईशी बोलायचं. घरात काय शिजतं, बाप कामासाठी कुठे गेला, धाकटं किती महिन्यांचं, हे सगळं काढून घ्यायचं आणि आईला न दुखावता दवाखान्यात जायला तयार करायचं. यात पोषणशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे, मानसशास्त्र, समाजशास्त्र आहे आणि सरकारी कारभारही आहे. तिला पदवी हवी असेल तर या पाचांना जोडणारी हवी. आपण तिला काय देतो? ठरावीक विषयांचं बी.ए. आणि मार्चमध्ये परीक्षा.

"पाच विषयांची पदवी म्हणजे ना धड हे, ना धड ते," असं प्राध्यापक मंडळी म्हणतात. कॉलेजात जे शिक्षक हजर आहेत त्यांचे विषय गोळा करून बास्केट भरली, तर ही टीका रास्तच आहे. पण एक प्रश्न मधोमध ठेवला आणि त्याला लागतील ते विषय त्याच्याभोवती मांडले, तर तो अभ्यास एका विषयाच्या पदवीपेक्षा हलका ठरत नाही. गावचं पाणी, शहरातला कचरा, म्हाताऱ्यांची शुश्रूषा : यातला कुठलाही प्रश्न तीन वर्षं पुरून उरेल.

हे स्वप्नरंजन नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला 1969 मध्ये सनद मिळाली आणि 1971 मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशाला आधीच्या पात्रतेची अट नव्हती. सुरुवातीची कितीतरी वर्षं तिथली पदवीच एका विषयाच्या नावाची नव्हती. विद्यार्थी वेगवेगळ्या शाखांतले अभ्यासक्रम निवडत आणि त्यांचीच पदवी होई. नोकरी करणाऱ्या, घर चालवणाऱ्या माणसांनी ती मिळवली.

आपल्याकडेही पाया घातलेला आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. राम ताकवले पहिले कुलगुरू. ज्यांची बारावी झाली नव्हती त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढून या विद्यापीठाने पदवीचं दार उघडलं. रविवारच्या संपर्कसत्रांना डबा घेऊन येणाऱ्या बायका आणि रात्रपाळी करून थेट वर्गात बसणारे कामगार अभ्यासकेंद्रांनी पाहिले आहेत. मुक्त विद्यापीठांच्या पदव्या नियमित पदव्यांच्या तोडीच्या आहेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये पुन्हा बजावलं. तरी मुलाखतीत "मुक्तची का?" असं नाक मुरडून विचारणारे आहेतच. त्यांनी आयोगाचं पत्रक एकदा वाचावं.

आता नियमांकडे या. शैक्षणिक श्रेयांक पेढी 2021 मध्ये सुरू झाली. शिक्षण मध्येच सुटलं तर मिळवलेले श्रेयांक खात्यात राहतील, परत आल्यावर वापरा, ही कल्पना फार चांगली. पण खात्यात जमा होतात ते 2021-22 पासूनचेच श्रेयांक. ज्या बाईने 1999 मध्ये एस.वाय. पास होऊन लग्नामुळे कॉलेज सोडलं, तिचं खातं रिकामं. पुढचंही ऐका : या श्रेयांकांना सर्वसाधारणपणे सात वर्षांची मुदत. पदवी अर्धवट सोडली तर तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत ती पूर्ण करायची. दोन बाळंतपणं आणि एक बदली यातच सात वर्षं जातात. ज्याला परत यायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्याच्यासाठीच दार सर्वांत आधी बंद होतं.

आणखी एक. नव्या आराखड्यात नियमित कॉलेजच्या विद्यार्थ्याला ऑन जॉब ट्रेनिंगचे आणि समाजात जाऊन करायच्या प्रकल्पाचे श्रेयांक मिळवावे लागतात. अठरा-वीस वर्षांच्या मुलांसाठी हे योग्यच आहे. पण वीस वर्षं कारखान्यात घालवलेला माणूस किंवा रोज दारोदार फिरणारी सेविका या वर्गात बसली, तर तिनेही कामाचा अनुभव नव्याने घेऊन दाखवायचा का? 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने कामाच्या अनुभवाला श्रेयांक देण्याची सोय मान्य केली आहे. ती विद्यापीठाच्या खिडकीपर्यंत यायला हवी.

म्हणून मागण्या साध्या आहेत. तिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्यासाठी सात वर्षांची मुदत काढून टाका. जुन्या पद्धतीत पास झालेली वर्षं श्रेयांकात मोजा. कामाचा अनुभव तोंडी परीक्षा घेऊन, नोंदी तपासून, कसून पारखा आणि त्याचे श्रेयांक द्या. फुकट कुणी मागत नाही. आणि प्रत्येक विद्यापीठाने प्रौढांसाठी निदान एक तरी पदवी अशी आखावी, जिच्या मधोमध त्या जिल्ह्याचा प्रश्न असेल आणि जिचे वर्ग संध्याकाळी आणि रविवारी भरतील.

कुलगुरूंनो, अभ्यासमंडळांच्या सदस्यांनो, यासाठी नवा कायदा लागत नाही. अधिकार मंडळांच्या बैठकीत ठराव मांडा, आयोगाकडे मुदतीबद्दल लेखी आग्रह धरा. आणि पुढच्या प्रवेशअर्जात एक रकाना वाढवा : मधल्या वर्षांत तुम्ही काय शिकलात?