सोमवारी जाऊन येतो

प्रवासाला कधी निघावं, हे वऱ्हाडात पूर्वी पंचांग पाहून ठरायचं. २०२१ च्या फेब्रुवारीत, कोरोनाच्या साथीत, ते खातं जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेलं. अमरावतीत शनिवारी, २० तारखेला रात्री आठ वाजता संचारबंदी लागली आणि सोमवारी सकाळी उठली. रविवारीच पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी जाहीर केलं, की सोमवारी रात्री आठपासून अमरावती शहरात आणि अचलपुरात आठवडाभराची टाळेबंदी. मधे उरला सोमवारचा दिवस. साडेतीन मुहूर्तांत एकाची भर पडली.

हा मुहूर्त अचूक हेरणारे काका अमरावतीच्या राजापेठेत राहतात. (काका काल्पनिक आहेत, ओळखीचे वाटले तर दोष वाचकाच्या गोतावळ्याचा.) अकोल्याला भाच्याचं साक्षगंध होतं.

"सकाळी निघतो, आठच्या आत घरी. त्याच्यात कायचं भेव?"

"अन् तुमचा घसा?" काकूंनी विचारलं.

"तो थंडीनं बसला."

आता या विषाणूचंही एक वेळापत्रक आहे, पण ते कुठल्या कार्यालयाबाहेर लावलेलं नसतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला तेव्हा दोन ते चौदा दिवस लागत, बहुतेकांना पाच-सहा. आणि लक्षणं दिसण्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच माणूस इतरांना प्रसाद वाटू लागतो. म्हणजे "मले काई झालं नाई" हे वाक्य ज्या दिवशी छातीठोकपणे म्हणता येतं, नेमका तोच दिवस पंगतीला बसायला वाईट. काकांचा घसा तर बसलेलाच होता.

काकांकडे शास्त्रही तयार होतं. अमरावती-यवतमाळच्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ब्राझीलचे प्रकार सापडले नाहीत, असा खुलासा आरोग्य खात्यानं केलाच होता. "पाय, बाहेरचा नाई. आपलाच हाय." आपला म्हणजे घरचा, घरचा म्हणजे निरुपद्रवी! महिनाभरानं, २४ मार्चला, केंद्रानं सांगितलं की महाराष्ट्राच्या नमुन्यांत दोन बदल एकत्र असलेला विषाणू वाढतो आहे. तोवर साक्षगंध उरकून लग्नपत्रिका छापायला गेल्या होत्या.

एकट्या काकांना हसण्यात अर्थ नाही. सरकारचं गणितही त्यांच्याच शाळेतलं. २० ऑगस्ट २०२० ला एसटीच्या जिल्ह्याबाहेरच्या फेऱ्या सुरू झाल्या, अर्ध्या आसनांवर आणि ई-पासशिवाय. स्वतःच्या मोटारीत काचा लावून एकट्यानं मूर्तिजापूर गाठायचं, तर मात्र ऑगस्ट संपेपर्यंत ई-पास हवाच. म्हणजे वीस-बावीस अनोळखी माणसांसोबत खोकणारा प्रवासी पासमुक्त, आणि एकटा खोकणारा संशयित. पास मागताना कारण लिहावं लागे. अंत्यविधी, दवाखाना, अडकलेले नातेवाईक. विषाणूला प्रवासाचं कारण वाचता येत नाही, एवढी एक अडचण सोडली तर पद्धत चोख होती.

साथीत प्रवाशांना अडवणं काही नवं नाही. रेल्वेनं जाणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार १८९७ च्या साथरोग कायद्यातच आहे. तो प्लेगच्या धसक्यानं झाला आणि २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रानं तोच पुन्हा काढला. सव्वाशे वर्षांत कायदा टिकला आणि "सोमवारी जाऊन येतो" हेही टिकलं.

मग २०२१ चा एप्रिल उजाडला. लग्नाला पंचवीस माणसं, दोन तास, मोडलं तर पन्नास हजार दंड. दुसऱ्या शहरात खासगी बसमधून उतरलेल्याच्या हातावर चौदा दिवसांच्या विलगीकरणाचा शिक्का. असे शिक्के आदल्या वर्षी मार्चपासूनच डाव्या हातावर उमटत होते. त्याच डाव्या हाताच्या तर्जनीला १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीच्या मतदानाची शाई लागली होती. तेव्हा मात्र गावी जाणं हे राष्ट्रीय कर्तव्य होतं.

काका अकोल्याहून सोमवारी पावणेआठला परतले. शब्दाचे पक्के. बुधवारी अंग तापलं. गुरुवारी अकोल्याहून व्याह्यांचा फोन आला, की आमच्याकडेही चौघं झोपलेत, तुमच्याकडे कसं काय? काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "अकोल्याचं पाणी बाधलं वाट्टे."