टायटलआबा

वकिलाचा सर्च रिपोर्ट तीस वर्षांचा असतो. टायटलआबांचा त्याच्या दुपटीहून जुना, आणि तोही तोंडपाठ.

भिवंडी तालुक्यात जमिनीला भाव आला तसा हा माणूस गावोगाव उगवला. वडप्याला तर त्याचं पीक जोमदार. मुंबई-नाशिक महामार्ग गावाला खेटून जातो, आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गही जवळच्या आमण्यापर्यंत येऊन टेकला. दिसेल तिथे गोदामं, आणि गोदाम नसेल तिथे टॉवरच्या जाहिराती. एवढा रस्ता आल्यावर सुरतेला, पनवेलला गेलेले वारस घरी परततात आणि नाक्यावरच्या टपरीत आबांचं दुकान चालू होतं.

आबा वकील नाहीत. एजंट म्हटलेलं त्यांना खपत नाही. शिक्षण जुनी अकरावी. पास की नापास, याची नोंद आढळत नाही. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, काखेत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सातबारे, फेरफार, चष्मा आणि तंबाखूची डबी, याच क्रमाने. तलाठ्याला सरकारने आता ग्राम महसूल अधिकारी केलं असलं तरी आबा त्याला भाऊसाहेबच म्हणतात, आणि भाऊसाहेब अडला की आबांनाच फोन करतो असं आबा सांगतात.

त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे डोंबिवली-कल्याणचा पस्तिशीतला गृहस्थ. हातात फाईल, चेहऱ्यावर नव्या घराचं तेज.

"आबा, बँकेने लोन सँक्शन केलंय. म्हणजे टायटल क्लिअरच ना?"

"बँक पैसं देते बाला. जमीन नाय देत."

तेज निम्मं उतरतं. आबा फाईल मागतात, सर्च रिपोर्ट काढतात आणि शेवटचं पान सोडून देतात. शेवटच्या पानावर 'मालकी निर्वेध व विक्रीयोग्य आहे' असं लिहिलेलं असतं; ते सगळ्याच रिपोर्टांवर असतं. आबांना मधली यादी हवी असते. दुय्यम निबंधकाकडे वर्षाला पंचवीस रुपये याप्रमाणे चलन भरून इंडेक्स दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीची, पुस्तकं चाळली, त्याची वर्षवार हकिकत. ते मोठ्याने वाचतात: "शहाण्णव, निरंक. सत्त्याण्णव, निरंक. अठ्ठ्याण्णव, पाने फाटलेली." इथे चष्मा वर जातो.

"उंदराला नेमकं याच सालाचं कागद का आवडलं?"

नोंदणी खात्याच्या, म्हणजे आयजीआरच्या, संकेतस्थळावर भिवंडीसारख्या ठिकाणचे दस्त साधारण २००२ पासून सापडतात. त्याआधीचा काळ बांधीव पुस्तकांचा, म्हणजे उंदरांचा आणि ओलीचा. गृहस्थ विचारतो, मग काय करायचं? आबा चहा मागवतात. चहाचे पैसे गृहस्थाचे. आबांची फी तेवढीच.

मग येतात आबांचे तीन प्रश्न. सगळा तालुका ते ओळखून आहे.

पहिला: "बहिनी किती?" सातबाऱ्यावर तीन भाऊ असतात आणि तिघांनी बिल्डरला सह्या दिलेल्या असतात. पण गावात कोणाची कोणती बहीण कुठे दिली हे आबांना इंडेक्स दोनपेक्षा चोख माहीत असतं. महाराष्ट्रात तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क १९९४ मध्येच मिळाला, देशाच्या अकरा वर्षं आधी. "भाऊबीजेला साडी दिली म्हनजे हक्क सुटला असं नाय," आबा सांगतात. "हक्कसोडपत्र रजिस्टर लागतं. साडीचा इंडेक्स दोन निघत नाय."

दुसरा: "कूल कोन?" हा त्यांचा हातखंडा. वकील तीस वर्षं मागे जातो, कारण गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षं. म्हणजे तो १९९५-९६ च्या आसपास येऊन थांबतो. आबा म्हणतात, भानगड तिथे थांबत नाही. ती १ एप्रिल १९५७ ला सुरू होते. त्या कृषकदिनाला कूळकायद्याने कसणारा मालक झाला, निदान कागदावर. ज्याला जमीन मिळाली त्याला ती विकायला कलम ४३ ची परवानगी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीने सवलत दिली: खरेदीच्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असली तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरा आणि विका. शेतसारा पाच रुपये असेल तर नजराणा झाला दोनशे. "कोटीची जमीन," आबा बोट वर करतात, "दोनशेच्या चलनावाचून लटकंल. चलन दाखव." गृहस्थ फाईल उलटीपालटी करतो. फाईलमध्ये स्विमिंग पूलचं चित्र असतं.

तिसरा प्रश्न दिसायला साधा: "रस्ता कुठून?" ब्रोशरवर बारा मीटरचा रस्ता, दुतर्फा झाडं. आबांच्या आठवणीत तिथे बैलगाडीची वहिवाट, तीही शेजाऱ्याच्या बांधावरून आणि शेजारी चांगल्या मूडमध्ये असेल तेव्हा.

या तिन्हींतून कोणी सुटलाच तर आबा पिशवीतून चौथा कागद काढतात. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात कुठे 'खाजगी वन' आहे का ते बघ. ३० ऑगस्ट १९७५ ला महाराष्ट्रातली कितीतरी खाजगी वनं कायद्याने सरकारजमा झाली. पुढे मुलुंडची उभी घरं या नोंदीत सापडली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सोडवली. जमीन आदिवासीची होती का? मग जमीन महसूल संहितेचं कलम ३६. भोगवटादार वर्ग एक की वर्ग दोन? आणि पीकपाहणी? पीकपाहणीला आबा मनापासून हसतात. जागेवर भलं मोठं गोदाम, दाराशी ट्रेलरची रांग, आणि उताऱ्यावर 'खरीप, भात'.

वर्तमानपत्र आबा मागून वाचतात. पुढच्या पानावरचं सरकार पडलं तरी चालेल, जाहीर नोटीस चुकता कामा नये. 'सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कळवावे.' जमीन वडप्याची, आणि नोटीस अशा पेपरात की जो वडप्यात येतच नाही. तो पेपर मागवणारे पंचक्रोशीत आबा एकटे. म्हणून बिल्डरची माणसं त्यांना वचकून असतात आणि दिवाळीला मिठाईचा पुडा धाडतात. आबा पुडा घेतात, आतली मिठाई खातात आणि पुड्यावरचा पत्ता जपून ठेवतात.

हे ज्ञान फक्त घराला लागत नाही. सोयरीक जुळवतानाही लोक त्यांच्याकडे येतात. मुलाचा पगार आई-बाप बघतात, आबा जमिनीच्या खात्याचा आठ-अ बघतात. 'मुलगा चांगला हाय, पन सोसायटीचा बोजा हाय' एवढ्या वाक्यावर मोडलेली लग्नं आहेत. बोजा पतपेढीत भरून, फेरफार मंजूर करून, मग बोहल्यावर उभे राहिलेले नवरदेवही आहेत.

आबांवर चिडणारे पुष्कळ. ते म्हणतात, हा माणूस घर घेऊ देत नाही. पण खरं सांगायचं तर कागदाचा शोध जिथे संपतो तिथून आबा सुरू होतात. इंडेक्स दोन सांगतो की सही कोणी केली. सही कोणी केली नाही, हे विचारायला नाक्यावरच यावं लागतं. मोबाईलवर महारेरा उघडून प्रकल्पाचा टायटल रिपोर्ट कोणालाही वाचता येतो. नातू आबांना तो रोज काढून देतो. त्यातलं कुटुंबाचं पान वाचून आबा म्हणतात, "यात धाकली काकी नाय."

कधीतरी मात्र अघटित घडतं. बहिणींची हक्कसोडपत्रं रजिस्टर निघतात, चलन सापडतं, रस्ता नकाशात आणि जागेवरही असतो. आबा कागद पुन्हा पुन्हा तपासतात. चेहरा असा पडतो की घरात कोणी आजारी असावं. शेवटी तंबाखू मळत पुटपुटतात, "घे मंग."

गृहस्थ घर घेतो. वास्तुशांतीला आबांना मानाने बोलावतो. आबा येतात, सातव्या मजल्यावर लिफ्टने नको म्हणून जिन्याने चढतात, शिऱ्याचा प्रसाद दोनदा घेतात. गृहस्थाचे वडील हात जोडून म्हणतात, "आबा, तुमच्यामुळे निर्धास्त झालो."

आबा खिडकीतून खाली बघतात. खाली पार्किंग, बाग, कुंपण. मग पिशवीत हात घालत विचारतात, "सोसायटी झाली? कन्व्हेयन्स झालं?"

"ते... बिल्डर म्हणाला, नंतर करू."

आबांच्या चेहऱ्यावर रक्त परत येतं. ते खुर्ची ओढून बसतात, चष्मा चढवतात आणि चहा सांगतात.

"घर तुजं झालं बाला. आता सांग, खालची जमीन कोनाची?"