फादरच्या शाळेतले काकाजी

देवळीत आमच्या आळीत लग्नपत्रिका छापून आली की घरधनी पहिली पत्रिका देवापुढे ठेवतो आणि बाकीच्या काकाजींपासून लपवतो. उपयोग होत नाही. एखादी कुठूनतरी त्यांच्या हाती लागतेच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून आत सरकवलेली सापडते. लाल शाईनं रंगलेली. 'ऑस्पिशस'चं स्पेलिंग सुधारलेलं, आणि खाली शेरा : 'केअरलेस.'

काकाजी नागपूरच्या एसएफएसचे. साठच्या दशकात वडिलांनी त्यांना सदरला मावशीकडे ठेवून सेंट फ्रान्सिस डी सेल्स हायस्कुलात घातलं. पुढची सगळी हयात कपाशी-तुरीत गेली, पण ओळख अजून तिथूनच सुरू होते. "1870 ची शाळा हाय बाबू. अठराशे सत्तर!" हे त्यांनी बँकेच्या खिडकीवर सांगितलंय, वर्ध्याच्या एसटीत सांगितलंय, आणि एकदा मोक्षधामातही.

ज्या फादर लोकांनी शाळा चालवली, त्यांचा संघ 1838 साली अॅनसी गावी स्थापन झाला. कोणी भाबडेपणानं "म्हणजे फ्रान्समध्ये ना?" म्हटलं की संपलं. "थांब. तवा ते फ्रान्स नोयतं. सॅव्हॉय होतं. फ्रान्समध्ये 1860 ले गेलं." समोरच्याचा चहा तोवर गार झालेला असतो.

बिशप कॉटनचा विषय काढूच नये. ती शाळा वयानं थोरली, हे त्यांना कबूल आहे. पण "ते प्रोटेस्टंट," हे ते सोयरिकीत खोट काढावी तशा आवाजात सांगतात. स्वतः काकाजी कुणबी, गुरुवार गजानन महाराजांचा. जेवणाआधी मात्र प्रार्थना इंग्रजीत. काकू श्लोक म्हणून दोन घास घेतात, तरी यांचं 'आमेन' यायचं असतं.

पत्रिकांवरून कोणी भांडायला गेलं तर ते थेट संतालाच साक्षीला काढतात. फ्रान्सिस डी सेल्स पत्रकं लिहून लोकांच्या दाराखालून सरकवायचे. म्हणून तर 1923 साली पोपनं त्यांना लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता ठरवलं. "मी काय वेगळं करतो सांग?" यावर उत्तर नसतं. शिवाय भांडायला आलेल्याच्याच पोराची चार रेघी वही ओट्यावर पडलेली असते. दहावीच्या पोरांचं इंग्रजी काकाजी फुकट घेतात. कर्सिव्हच्या 'एफ'चं पोट फुगलं की पेन्सिलनं टकुऱ्यात टकटक.

त्यांचं खरं दुखणं म्हणजे संताचा सण. पूर्वी तो 29 जानेवारीला असे. 1969 साली रोमनं कॅलेंडर बदललं, सण 24 वर नेला, आणि काकाजींना कोणी विचारलं नाही. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर 24 ला शुभेच्छा वाहतात, हे गप्प. 29 ला यांचा एकच मेसेज : 'हॅपी फीस्ट. नॉट लेट. करेक्ट.' त्या दिवशी आळीत पेढे वाटतात.

पोरांनी यातून आपला मार्ग काढलाय. 24 ला सकाळीच फाटकाशी उभं राहून ती एका सुरात ओरडतात, "काकाजी, हॅपी फीस्ट!" काकाजी तणतणत बाहेर येतात, अर्धा तास रोमचा उद्धार करतात, आणि शेवटी हाकलायला म्हणून का होईना, एकेकाच्या हातावर पेढा ठेवतात. 29 ला तीच पोरं पुन्हा हजर.