नवरदेव पंगतीत वाढायला उभा राहतो तेव्हा

कँटन, मिशिगन

ती. दादास,


तुझा आवाजी निरोप ऐकला. त्यात निम्मा वेळ तू बोलतोयस, निम्मा वेळ मागून वहिनी बोलतायत आणि तुम्हा दोघांचं एकमत एवढ्याच गोष्टीवर दिसलं की चिरंजीवांचं आता काही खरं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण कोच म्हणाले, ‘आता फॉरवर्ड नको, मागं स्टॉपरला उभा राहा,’ आणि तेव्हापासून पोरानं अन्न टाकलंय. दादा, त्यानं घरचं अन्न टाकलंय. रंकाळ्यावर भेळ खातानाचा त्याचा फोटो मला इथं मिशिगनमध्ये दिसला. तो तुला तिथं पेठेत दिसला नाही, हे नवल.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. पत्रात मध्येच बोलायची सोय नाही.

आमच्या गावाजवळ ॲन आर्बरला विद्यापीठ आहे, तिथल्या एका पोराची गोष्ट सांगतो. आधीच सांगून ठेवतो की हा आपला फुटबॉल नव्हे. पाटाकडील-दिलबहारच्या मॅचला शाहू स्टेडियमवर तू ज्याच्यासाठी घसा फोडतोस, त्याला इथं सॉकर म्हणतात. इथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरायचा, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांना. बाकीचे नियम मला अजून शेजारच्या बाकावरचे आजोबा समजावतात आणि मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावतो.

मैदान मात्र बघण्यासारखं आहे. 1927 साली बांधलेलं, 1,07,601 माणसांचं. करोनाचं वर्ष सोडलं तर 1975 पासून इथल्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर गर्दी असते. तीही कॉलेजच्या पोरांना बघायला! बसायला पाठ नसलेली लांबलचक बाकं, त्यावर प्रत्येकाला नंबरापुरती जागा आणि थंडीमुळं प्रत्येकाच्या अंगात तीन-तीन कपडे, त्यामुळं एक जण उठला की अख्खी रांग सैल होते. आत पिशवी नेऊ देत नव्हते, म्हणून हिनं माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत भडंग भरलं होतं. आजोबांना मूठभर दिलं. त्यांनी ते एकदम तोंडात टाकलं आणि पुढची पाच मिनिटं मॅचकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिले.

तर तो पोरगा डेनार्ड रॉबिन्सन. फ्लोरिडातल्या डीअरफील्ड बीचचा, सोळा नंबरचा. त्याची ख्याती अशी की तो बुटाच्या नाड्या बांधत नसे. खरंच. लहानपणापासूनची सवय. 2009 साली कॉलेजच्या पहिल्याच मॅचमध्ये चेंडू हातातून निसटला, तो त्यानं उचलला आणि सुटलेल्या नाड्यांसकट 43 यार्ड पळून थेट गोल केला. लोक त्याला ‘शूलेस’च म्हणायला लागले. आपले आबा तिथं असते तर मॅच थांबवून आधी त्याच्या नाड्या बांधल्या असत्या आणि वर दोन धपाटे दिले असते.

हा क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे मांडवातला नवरदेव. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्या हातात, कुणाकडं फेकायचा ते तो ठरवणार, पेपरात फोटो त्याचा. 2010 साली नोत्र दामच्या संघाविरुद्ध या एकट्यानं पळून आणि फेकून मिळून 502 यार्ड काढले. त्याच हंगामात 1,702 यार्ड तो नुसता पळाला. दुकानांत सोळा नंबरचे शर्ट धडाधड खपत होते. तू विचारणारच, म्हणून सांगतो, त्यातला एक डॉलर त्याला मिळत नव्हता. कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावायची मुभा मिळाली ती 2021 साली. तोवर शिष्यवृत्ती घ्यायची, अभ्यास करायचा आणि लाखभर लोकांसमोर हाडं मोडून घ्यायची.

मग 27 ऑक्टोबर 2012 उजाडला. नेब्रास्काला मॅच होती. डेनार्ड पडला आणि उजवं कोपर आपटलं. हाड शाबूत, पण कोपरामागून जी नस जाते तिला मार बसला. दाराच्या चौकटीला कोपर लागलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तीच नस. अनामिका आणि करंगळीची जाणीव, पंजातली पकड, सगळं तिच्या भरवशावर. बोटं बधिर झाल्यावर चेंडू फेकणार कसा? त्याच्या जागी आलेल्या राखीव पोरानं सोळा वेळा चेंडू फेकला, तीनदा तो आपल्या माणसाकडं गेला आणि तीनदा समोरच्यांकडं. मॅच गेली, 23-9.

आता गंमत ऐक. संघात डेव्हिन गार्डनर नावाचा दुसरा पोरगा होता. मूळचा क्वार्टरबॅकच, पण डेनार्डच्या पुढं नंबर लागेना, म्हणून त्या हंगामात त्याला चेंडू झेलायला पुढं पाठवला होता. कोच ब्रेडी होक यांनी त्याला परत बोलावला आणि गादीवर बसवला. दुखापतीनंतर तीन आठवड्यांनी डेनार्ड परत आला, पण हात अजून चालत नव्हता. पाय मात्र ठणठणीत. मग त्याला रनिंग बॅक केलं, म्हणजे गार्डनरनं हातात चेंडू द्यायचा आणि यानं तो छातीशी धरून समोरच्या गर्दीत घुसायचं. ज्याचं लग्न त्यानंच फेटा उतरवून पंगतीत वाढायला उभं राहायचं, असा प्रकार.

त्या हंगामातली घरची शेवटची मॅच आयोवाशी होती, 17 नोव्हेंबरला. शेवटच्या वर्षाच्या पोरांना त्या दिवशी निरोप देतात. डेनार्ड 98 यार्ड पळाला आणि गार्डनरनं सहा गोलांत हात घातला. मॅच 42-17 अशी खिशात. शेजारचे आजोबा डोळे पुसत होते. ते भडंगामुळं नव्हतं, कारण त्यांनी दुसऱ्यांदा ते घेतलंच नव्हतं.

पण दादा, पुढच्याच आठवड्यात ओहायो स्टेटशी सामना होता. ही इथली दिलबहार-पाटाकडील समज, मागचा हिशेब चुकता करायची मॅच. पहिल्या डावात डेनार्ड दोघांना अंगावरून झटकून 67 यार्ड पळाला आणि मध्यंतराला आपण 21-20 पुढं. नंतर समोरच्यांच्या लक्षात आलं की हा फेकू शकत नाही, म्हणजे हा आला की पळणारच. सगळे त्याच्यावर तुटून पडले. दुसऱ्या डावात आपला एक गुण झाला नाही. हरलो 26-21. जागा बदलली म्हणजे सगळं सुरळीत होतं, असं मी पोराला खोटं सांगणार नाही. समोरचा नवीन जागेतली खोट पहिल्या तासात हेरतो.

1 जानेवारी 2013 ला कॉलेजातली शेवटची मॅच झाली. त्यातही हरलो, पण डेनार्ड बरोबर 100 यार्ड पळाला आणि त्याची एकूण धाव 4,495 यार्डांवर गेली. कॉलेज फुटबॉलमध्ये तोवर कुठलाही क्वार्टरबॅक एवढा पळाला नव्हता. क्वार्टरबॅकचा विक्रम त्यानं मोडला आणि त्या दिवशी तो स्वतः खेळत होता रनिंग बॅक म्हणून!

पुढं जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या व्यावसायिक संघानं त्याला पाचव्या फेरीत, 135 व्या नंबरावर घेतला. त्याला नक्की कुठं खेळवायचं हे त्यांनाही ठरवता येईना, म्हणून जागेच्या रकान्यात त्यांनी चक्क ‘आक्रमणाचं हत्यार’ असं लिहिलं. हत्यार पहिल्या वर्षी बोथटच होतं: वीस वेळा चेंडू घेऊन 66 यार्ड. दुसऱ्या वर्षी, 2014 ला, संघानं पहिल्या सहाही मॅच हरल्यावर सातवी जिंकली, त्यात हा 127 यार्ड पळाला. त्या हंगामात 582 यार्ड काढले आणि मग पाय दुखावला. चार हंगाम खेळून 2016 नंतर त्याचा तो अध्याय मिटला. मोठा स्टार काही झाला नाही. पण त्या जत्रेत चार हंगाम तग धरणं म्हणजे खायचं काम नव्हे.

खरी मेख वेगळीच आहे. त्याचं फेकणं हात चांगला असतानाही भरवशाचं नव्हतं. त्याच 2012 साली, कोपर दुखायच्या महिनाभर आधी, नोत्र दामविरुद्ध त्यानं चार वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला होता. वरच्या पातळीवर याला फेकायला कुणी उभं करणार नाही, पळायला करेल, हे जाणकार आधीपासून म्हणत होते. मोठेपणी जी जागा मिळायची तीच दुखापतीनं त्याला थोडी आधी दाखवली. आणि तो रुसून बसला नाही. बोटं बधिर असताना चेंडू छातीशी कवटाळून पळाला.

आता आपल्या पोराचं बघू. तू पाठवलेले सगळे व्हिडिओ मी बघितलेत, दादा. गोलसमोर तो चेंडू आभाळात मारतो, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. फक्त तू ते वहिनींसमोर बोलत नाहीस. उलट संघ अडचणीत आला की तो धावत मागं येतो आणि समोरच्याच्या पायातून अलगद चेंडू काढतो. ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. कोचनी तेच हेरलंय. कोच वैरी नाहीत, त्यांना डोळे आहेत.

तेव्हा त्याला सांग: गुडघ्याचा व्यायाम एक दिवस चुकवू नकोस, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेठेतल्या पोरांबरोबर गल्लीत खेळू नकोस आणि कोच सांगतील तिथं एक अख्खा हंगाम उभा राहा. जमलं नाही तर मग रुसायला अख्खं आयुष्य पडलंय. आणि तू निदान त्याच्या पहिल्या चार मॅच तरी कडेला उभं राहून ‘पुढं जा, पुढं जा’ असं ओरडू नकोस. स्टॉपर पुढं गेला तर गोल आपल्यावरच होतो.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा धाकटा