मामा, मगर मार!

मूल चार वर्षांचं होत आलं की कुणीतरी हौसेने अंकलिपी आणतं आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंगात मास्तर संचारतो. 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' सुरू होतं. आमची नात ते घडाघडा म्हणायची आणि आम्ही खूश व्हायचो. मग एकदा आजोबांनी चित्रावर अंगठा ठेवून नुसतं अक्षर दाखवलं, आणि वाचन तिथेच आटोपलं. ती कमळ वाचत होती, क नव्हे. खटारा तर तिने जन्मात पाहिलेला नाही. त्या चित्राकडे बघून ती 'ख टेम्पोचा' असं ठासून सांगायची.

वर्णमालेबद्दल मला आदरच आहे. कंठातून निघून टाळू, मूर्धा, दात करत ओठांपर्यंत येणारी ही रांग ज्यांनी लावली, त्यांचे कान विलक्षण तयार असणार. पण मूल बोलू लागतं ते ओठांनी: मामा, बाबा, पापा. वाचायला मात्र आपण त्याला थेट घशापासून बसवतो. क, ख, ग, घ, ङ एवढ्यांतून काना-मात्रा न लावता शब्द करून पाहा. माझ्या हाती 'खग' लागला. 'खग म्हणजे पक्षी' हे चार वर्षांच्या पोरीला समजावताना मला स्वतःलाच कीर्तनकार झाल्यासारखं वाटलं. ङ आणि ञ यांच्या वाट्याला धड चित्रही नाही. ण बाणाचा, ळ बाळाचा, म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर ओळखायचं हा नुकताच शिकवलेला नियम आपणच शेपटीकडून मोडायचा.

पुढे बाराखडी. चौतीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे ४०८ घरं. शासनाने २००९ साली ॲ आणि ऑ यांनाही रांगेत घेतलं, तेव्हा आता चौदाखडी, एकूण ४७६. एवढी घरं पाठ होईपर्यंत मुलाने एकही शब्द वाचायचा नाही, असं जणू आपण ठरवूनच टाकलेलं असतं.

अमेरिकेतून येऊन पक्क्या फलटणकर झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी हे ठरवलेलं मोडलं. १९८४ साली त्यांनी फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढली. मुळाक्षरांची रांग सोडून थोडीच अक्षरं घ्यायची, सोबत एखादी मात्रा द्यायची आणि लगेच शब्द वाचायचे, ही त्यांच्या पद्धतीतली गोष्ट मला फार पटते.

म्हणून आम्ही अंकलिपी मिटली आणि म, ग, र एवढीच तीन अक्षरं खडूने फरशीवर काढली. मग, गर, गरम, मगर! 'गरम मगर' वाचून नात लोळून हसली. काना दिल्यावर मामा, राग, गार, मार आले आणि त्याच संध्याकाळी तिने आयुष्यातलं पहिलं वाक्य वाचलं: 'मामा, मगर मार!' ते फोनवर ऐकून पुण्याच्या मामाने सोसायटीत मगर नसल्याचं कळवलं. तिने त्याला पाण्याच्या टाकीत बघायला सांगितलं.

सगळंच सोपं आहे असं नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि बोलायची नंतर, याचं पटेल असं कारण मला अजून देता आलेलं नाही. चमचा वाचता येऊ लागल्यावर तिने डब्यावरचा 'चहा' चमच्यातल्याच च-ने वाचला. एकाच अक्षराचे दोन उच्चार आपण कसे बिनतक्रार सांभाळत आलो, याचं मलाच नवल वाटलं. अशा वेळी नियम सांगत बसू नये, सरळ चहा टाकावा.

अंकलिपी फेकून देऊ नका. शब्द वाचता येऊ लागले की मूल ती रांग गाण्यासारखी पाठ करतं. तोवर मुलाच्या नावातलं एखादं अक्षर घ्या, दोन त्याच्या आवडीच्या शब्दांतली घ्या आणि फरशीवर बसा. त्यातून मगर गरम निघाली, तर कृपा करून दुरुस्ती करू नका.